नंदा, चूक ड्रॉइंगमध्ये होती

नंदा,

तू गेलीस त्याला बावीस दिवस झाले, आणि अजून तुझ्या फोनवर ड्रॉइंग येतायत. दक्षिण आफ्रिकेतल्या दुर्बिणीच्या ऑफिसच्या यादीतून तुझा नंबर काढायचं कुणाला सुचलेलं नाही. तुझा फोन आता रेश्माकडे असतो. तूच शिकवलेली रेश्मा, आता ती तुझ्या लेथ मशीनवर उभी असते. परवा ती मला म्हणाली, "मॅडम, त्यांना कळवू का, की हा नंबर आता..." आणि पुढे तिला बोलवेना. मी म्हटलं, "राहू दे. येऊ देत. तू उघडून बघत जा." तिने डोळे पुसले आणि खरंच एकेक उघडून बघायला लागली.

माझ्या कॉलेजमधल्या लोकांनी सांगितलं, नंदाताईंबद्दल दोन पानं लिहून द्या. जन्म, शिक्षण, वर्कशॉप कधी टाकलं, वगैरे. मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडला. ते सगळं तुला माहीत आहे, आणि ज्यांना हवंय त्यांना रेश्मा सांगेल. मला तुझ्याशीच बोलायचंय. तुला एक गोष्ट सांगायची राहिली. वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. वेळ भरपूर होता.

डोंबिवलीच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. भूमितीत मार्क मला जास्त पडायचे आणि भूमिती तुला जास्त यायची, हे आपल्या दोघींनाही पक्कं माहीत होतं. मी प्रमेयं पाठ करायचे. तू वहीच्या मागच्या पानावर काहीतरी वेडावाकडा ठोकळा काढायचीस आणि म्हणायचीस, "मेघा, हा इथून कापला तर आत काय दिसेल, सांग." मला कधी सांगता आलं नाही. मग तू पेन्सिलीने झरझर आतलं काढून दाखवायचीस, जणू तू आधीच आत जाऊन आलेली असायचीस.

दहावी झाली आणि त्याच वर्षी तुझ्या वडिलांची कंपनी बंद पडली. तू आयटीआयला टर्नरच्या कोर्सला नाव घातलंस. त्या बॅचमध्ये एकटी मुलगी. मी सायन्सला गेले. दिवाळीच्या सुट्टीत मी तुला विचारलेलं, "तुला वाईट नाही वाटत गं?" केवढी चिडलीस तू.

"कसलं वाईट? तू फळ्यावर वर्तुळ काढतेस, मी लोखंडाचं काढते. कुणाचं जास्त गोल येतं, बघायला ये एकदा."

मी बघायला आले, पण खूप वर्षांनी. मधे एमएससी, पीएचडी, नेदरलँड्समधली चार वर्षं. परत येऊन कल्याणच्या कॉलेजात शिकवायला लागले, घोडबंदर रोडला घर घेतलं, आणि नेदरलँड्सच्या जुन्या गटाबरोबरचं संशोधनही चालू ठेवलं. त्याच कामासाठी मला अॅल्युमिनियमची काही कडी बनवून हवी होती. कुणीतरी म्हणालं, मानपाड्याला औद्योगिक वसाहतीत एका बाईंचं वर्कशॉप आहे, माप सोडत नाहीत. नाव विचारलं तर तुझं.

तू निळा एप्रन घालून उभी होतीस, केस टोपीत कोंबलेले, चपलांवर धातूचा चकचकीत कीस.

"काय गं! सायंटिस्ट झालीस म्हणे. मग इकडे कुठे चुकलीस?"

मी तुला काम समजावून सांगितलं. विश्वात सगळीकडे हायड्रोजन आहे, त्याच्या रेडिओ लहरी अब्जावधी वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत येतात. आम्ही सात देशांतली माणसं मिळून आफ्रिकेतल्या एका ओसाड माळावर रेडिओ दुर्बिणीच्या डिश उभ्या करतोय. त्या लहरी गोळा केल्या की विश्व कसंकसं पसरत गेलं ते मोजता येईल. प्रत्येक डिशसमोर कर्ण्यासारखा एक हॉर्न लागतो आणि तो हॉर्न कड्यांचा बनतो, एक कडं दुसऱ्यात बसवत जायचं.

तू सगळं ऐकलंस. विश्वाबद्दल काहीच बोलली नाहीस. ड्रॉइंग घेतलंस, दारापाशी उजेडात गेलीस, चष्मा चढवलास आणि बोट फिरवत बघत राहिलीस.

"हे कुणी काढलं?"

"मी."

"चुकलंय."

मी हसले. "कुठे चुकलंय?"

"वरून अॅनोडायझिंग करायचं लिहिलंयस ना? ते काय रंग नाय, धातूवरच थर वाढतो. कड्याच्या या ओठावर वाढणार, आणि ओठ ज्या खाचेत जातो तिच्या आतपण वाढणार. तू दोघांत केसाएवढी जागा ठेवलीयस. कच्ची कडी मस्त बसतील. थर चढला की नाय बसणार."

"अगं, चार देशांतल्या लोकांनी तपासलंय हे."

"तपासलं असेल. त्यातल्या कुणी कधी बनवलंय का?"

मला तेव्हा ते लागलं. त्या गटात मी सगळ्यांत नवीन होते आणि ते ड्रॉइंग माझं पहिलं मोठं काम होतं. त्यात बदल सुचवायचा म्हणजे सगळ्यांना पुन्हा लिहायचं, आणि सर्वांसमोर म्हणायचं की मी एक साधी गोष्ट विसरले. मी म्हटलं, "नंदा, तू ड्रॉइंगप्रमाणे कर. प्लीज."

तू माझ्याकडे बघितलंस. "तू सांगतेस म्हणून करते. पण चुकलंय."

आणि केलंस. इतकी सुंदर कडी मी तिथे नेदरलँड्समध्येही पाहिली नव्हती. हात फिरवला तर कुठे कड लागायची नाही. प्रत्येक कड्याचं माप तू थर चढवण्याआधी घेतलंस आणि थर चढवून आल्यावर पुन्हा घेतलंस, आणि लांब वहीत लिहून ठेवलंस. मला वाटलं, सवय असेल. कडी पेटीत घालून आफ्रिकेला गेली.

पुढचं तुला फक्त कागदावरून कळलं. मी तिथे होते, म्हणून मी सांगते.

आपल्याकडची दुपार होती. व्हिडिओवर मीटिंग. तिकडच्या माळावर जो इंजिनिअर हॉर्न जोडणार होता, थाबो, त्याने दोन कडी कॅमेऱ्यासमोर धरली आणि एक दुसऱ्यात घालून दाखवायला लागला. जाईना. त्याने पुन्हा दाबलं. स्टीलच्या डब्याचं झाकण दुसऱ्याच डब्याचं निघावं तसा त्याचा चेहरा झाला. आमचे प्रमुख, वयस्कर डच गृहस्थ, फार सभ्य माणूस, ते हळू आवाजात म्हणाले, "कदाचित तिथल्या वर्कशॉपला एवढी अचूकता झेपत नसेल. पुढची कडी युरोपात करून घेऊ." दोन-तीन जणांनी माना हलवल्या. मग त्यांनी मला विचारलं, "मेघा, तुला काय वाटतं?"

नंदा, मला विचारलं होतं. नाव घेऊन विचारलं होतं. मी म्हटलं, "मी वर्कशॉपशी बोलते."

एवढंच. मी काही खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला त्या दिवशी बऱ्याच वेळा सांगितलं.

मीटिंगचा वृत्तांत सगळ्यांना गेला. पेटी पाठवणाऱ्यांच्या यादीत तुझा ईमेल होता, म्हणून तुलाही गेला. तुला इंग्रजी लोकांना वाटायचं त्यापेक्षा बरंच जास्त कळायचं. तू मला फोन केला नाहीस. मीही केला नाही. कॉलेजात पेपर तपासणी होती, हे कारण मला पुरलं.

नऊ दिवसांनी थाबोचा सगळ्यांना मेल आला. सोबत पाच फोटो. तुझ्या वहीची पानं. तू परस्पर त्याला पाठवली होतीस. प्रत्येक कड्याचं छोटं चित्र, बाण, आणि मराठी आकड्यांत मापं, आधीचं आणि नंतरचं. थाबोने मराठी आकडे कुठूनतरी शोधून शिकून घेतले, त्याच्याकडची कडी एकेक करून मोजली आणि तुझ्या आकड्यांशी ताडून पाहिली. शेवटच्या पानावर तू इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतंस: पार्ट अॅज पर ड्रॉइंग. ड्रॉइंग राँग. आय टोल्ड.

थाबोने लिहिलं होतं की कडी तंतोतंत ड्रॉइंगप्रमाणे आहेत, चूक आपल्या ड्रॉइंगमध्ये आहे. ही वही ज्यांनी ठेवली त्यांच्याशी त्याला बोलायचं होतं. आणि खाली एक प्रश्न होता. त्यांनी हे नेमकं कुणाला सांगितलं होतं?

मी सगळ्यांना उत्तर लिहिलं. मला सांगितलं होतं. ड्रॉइंग माझं, इशारा मला मिळाला होता, आणि मीटिंगमध्ये मी ते दडवलं. सगळं लिहिलं. पण विचारल्यावर लिहिलं, नंदा. न विचारता नाही.

आणि गंमत अशी की मला काहीही झालं नाही. प्रमुखांनी मला लिहिलं की असं होतं, पुढे काळजी घेऊ. तुला त्यांनी वेगळं पत्र लिहून तुझी माफी मागितली. ज्याच्या भीतीने मी तुझ्यावर ढकललं, तसलं काही घडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मानपाड्याला आले. रिक्षात मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. तू लेथवर होतीस. मशीन थांबवली नाहीस. मी दाराशी उभी राहिले. जॉब पूर्ण झाला, तू हात पुसलेस.

"नवीन ड्रॉइंग आणलंस?"

"आणलं."

"दे."

तू उजेडात जाऊन बघितलंस. रेश्माने चहा आणला. तू म्हणालीस, "आता बरोबर आहे." तुझ्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, आणि माफीही दिसली नाही. विषय संपला, असं मी धरून चालले. मला ते सोयीचं होतं. माझी वाक्यं तशीच राहिली.

त्यानंतरची वर्षं मात्र किती चांगली गेली! थाबोने गटाकडून एक नियमच करून घेतला की जो माणूस वस्तू बनवणार तो मीटिंगमध्ये बोलल्याशिवाय कुठलंही ड्रॉइंग पक्कं करायचं नाही. पहिल्या मीटिंगला तू इस्त्रीचा ड्रेस घालून बसलीस आणि मागे लेथ दिसेल असा कॅमेरा लावलास. "सर, धिस कॉर्नर नॉट पॉसिबल. टूल विल नॉट गो इनसाइड." सातही देशांना एका फटक्यात कळलं. माझं सफाईदार इंग्रजी त्यांना दोनदा सांगावं लागायचं. पोलंडमधला एक म्हातारा मिस्त्री त्या नियमामुळे मीटिंगला यायला लागला. तुला पोलिश येत नाही, त्याला इंग्रजी येत नाही. तुम्ही दोघं कॅमेऱ्यासमोर कागद धरून, बोटांनी खुणा करून भांडायचात आणि शेवटी दोघंही खूश असायचात.

पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा नावांची यादी दीड पानांची होती. तू चष्मा लावून तुझं नाव शोधलंस.

"माझं एवढं खाली?"

"आडनावाच्या एबीसीडीने असतं गं."

"मग तुझं माझ्या खाली आहे," तू म्हणालीस. त्या दिवशी तू फार आनंदात होतीस. प्रिंट काढून गाळ्यात लावलंस, प्लास्टिकमध्ये घालून, तेल उडू नये म्हणून.

थाबो एकदा आपल्याकडे आलेला आठवतो? ठाण्यात उतरला आणि म्हणाला, आधी वर्कशॉप. घोडबंदरला दोन तास गाडी जागची हलली नाही. मी म्हटलं, विश्व पसरतंय म्हणून आपण जगाला सांगतो, हा रस्ता काही पसरत नाही. दुपारी तू त्याला डोंबिवलीला घरी नेलंस. तुझ्या आईने भाकरी, भरलं वांगं आणि सुकट केली होती, आणि दर पाच मिनिटांनी त्याला विचारत होती, "जेवलात का?" त्याला वाटलं, हा नमस्काराचाच एक प्रकार आहे. उत्तरादाखल तोही त्यांना "जेवलात का?" म्हणायला लागला.

त्या जेवणात तुझा प्रश्न पहिल्यांदा आला. "पसरतंय, पसरतंय म्हणता, पण कशात पसरतंय?" मी रबराच्या पट्टीचं उदाहरण दिलं. पट्टीवर ठिपके काढले आणि पट्टी ताणली, की सगळे ठिपके एकमेकांपासून लांब जातात.

तू म्हणालीस, "रबर ताणायला दोन हात लागतात. ते रबराच्या बाहेर असतात. तुझ्या विश्वाचे हात कुठेत?"

थाबो हसून लोटपोट. मी म्हटलं, बाहेर असं काही नसतंच, आतली अंतरंच वाढत जातात. तू भाकरी मोडत म्हणालीस, "हे उत्तर नाय, ही पळवाट आहे." तो वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. मी नवीन उदाहरण आणायचे, तू ते मोडायचीस.

आणि त्याच दिवशी थाबोने सांगितलं, की त्यांच्या दुर्बिणीजवळच्या गावातल्या मुलींना त्या डिश कशासाठी आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्याने शाळेत जाऊन त्यांच्याकडून पत्र्याचा छोटा हॉर्न बनवून घेतला. आपल्या आकाशगंगेतला हायड्रोजन तेवढ्याने सापडतो. तू लगेच म्हणालीस, "मग आपल्याकडे का नाय? कॉलेज मेघाचं आहे, पत्रा मी देते."

कल्याणच्या कॉलेजची गच्ची, अठरा मुलंमुली, आणि तू. पहिल्या दिवशी लॅपटॉपवर नुसता गोंधळ. आजूबाजूला मोबाइलचे टॉवर, वायरी, रिक्षा स्टँड. मुलांचे चेहरे पडले. मीही खचले होते. तू हॉर्नभोवती दोन फेऱ्या मारल्यास, खाली वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "याला पदर पाहिजे." पुढच्या आठवड्यात तोंडाभोवती बसवायची पत्र्याची रुंद पट्टी घेऊन आलीस. मुलींनी नट धरले, मुलांनी पाने फिरवले. दुपारी अडीचच्या उन्हात आलेखावर हायड्रोजनचा उंचवटा आला. मुलं ओरडायला लागली. तू स्क्रीनकडे बघितलंच नाहीस, हॉर्नकडे बघत होतीस.

"हे आत्ता येतंय? उन्हातपण?"

"कायमच येतं. दिवस असो, रात्र असो."

"आपण शाळेत होतो तेव्हापण?"

"तेव्हापण."

तू हॉर्नच्या पट्टीवरून बोट फिरवलंस. मग मुलींना म्हणालीस, "तो एक बोल्ट ढिला राहिलाय गं, घट्ट करा."

तिथल्या मुली आणि आपल्या मुली व्हिडिओवर आलेख दाखवायला लागल्या. त्यांचे स्वच्छ, आपले खडबडीत. तिकडच्या एकीने विचारलं, तुमच्या आकाशात एवढी गडबड का? आपली एक म्हणाली, "आमच्याकडे माणसं जास्त आहेत." तू मागून म्हणालीस, "आणि सगळी फोनवर आहेत, ते सांग."

तुझ्या आजारपणाबद्दल मी लिहिणार नाही. तुला ते आवडलं नसतं. ठाण्याच्या हॉस्पिटलमधल्या शेवटच्या गप्पा तेवढ्या लिहिते. त्या दिवशी मी ठरवून आले होते की आज बोलायचं. त्या मीटिंगबद्दल. खुर्ची ओढून बसले, तुझा हात हातात घेतला, आणि तूच सुरुवात केलीस.

"मेघा, हात कुठेत ते सांगितलं नाहीस अजून."

मग काय. मी म्हटलं, ताणायला हात लागतात ही तुझी लेथवरची सवय आहे. तू म्हणालीस, लेथवर जॉब धरायला चक लागतो, बिना चकचा जॉब फिरतो हे मला करून दाखव, मग मानते. आपण एवढ्या मोठ्याने भांडलो की सिस्टर येऊन ओरडून गेल्या. तू खोकला येईपर्यंत हसलीस. मग उशीला टेकून म्हणालीस, "जा आता. घोडबंदरला अडकशील."

"उद्या येते."

"ये."

मी आले होते. पण तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या आईने मला हाताला धरून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, "ही मेघा. शाळेपासूनची." दुपारी थाबोचा व्हिडिओ कॉल आला. त्याने हात जोडले, आणि त्याला येत असलेलं एकच मराठी वाक्य म्हणाला, "आई, जेवलात का?" त्या दिवशी तेव्हा कुठे तुझी आई मोकळं रडली. आणि मग जेवायला बसली. सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

माणसं पांगल्यावर मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. त्या मीटिंगचं, माझ्या त्या वाक्याचं. मला वाटलं, त्यांना माहीत नसेल.

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "त्या आठवड्यात घरात नुसती धुसफुसत होती. म्हणायची, मेघाने माझ्यावर ढकललं. जेवायची पण नाय. मग एक दिवस आली नि म्हणाली, मेघा आलेली. मी विचारलं, माफी मागितली का तिने? तर म्हणाली, मागेल कधीतरी. तिला वेळ लागतो. शाळेतपण लागायचा."

मी त्यांच्यासमोर लहान मुलीसारखी रडले. म्हणजे तुझ्यासाठी तो विषय संपलेला नव्हता. माझ्याशी भांडताना, हसताना, गच्चीवर उन्हात उभं राहताना तू वाट बघत होतीस, आणि तसं मला कळूही दिलं नाहीस.

तर आता मागते. नंदा, मला माफ कर. तुझं बरोबर होतं आणि मला ते माहीत होतं. मला विचारलं तेव्हा मी तुझं नाव घ्यायला हवं होतं. आणि तुझे आभारही मानायचे राहिलेत. आमच्या कामात जे काही नीट बसलंय, ते तू बसवलंयस. त्या माळावर आज जेवढे हॉर्न उभे आहेत, त्यांतलं एकही कडं परत काढावं लागलेलं नाही.

गेल्या सोमवारी कल्याणला नवी बॅच सुरू झाली. सव्वीस जण, त्यांत मुली चौदा. दर वर्षी मी विश्वाच्या सुरुवातीपासून सुरू करते. या वेळी फळ्यावर हॉर्नची आकृती काढली, बाजूला हायड्रोजनच्या लहरीची लांबी लिहिली, आणि तुझी गोष्ट सांगितली. ड्रॉइंग, वही, मीटिंग, सगळं. माझं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या बाकावरच्या सानिका नावाच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाही.

"घाबरले होते," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर माझी चूक दिसेल म्हणून."

तिने मान हलवली. म्हणाली, "मग आम्हाला काही चुकलंय असं वाटलं, तर आम्ही लगेच बोलायचं?"

"लगेच."

"तुमचं असलं तरी?"

"माझं असलं तर सगळ्यांत आधी."

ती उभी राहिली आणि तिने फळ्याकडे बोट केलं. "मग मॅडम, तुम्ही एकवीस मिलिमीटर लिहिलंय. एकवीस सेंटिमीटर पाहिजे ना?"

मी मागे वळून बघितलं. तिचं बरोबर होतं, नंदा. मी डस्टर घेतलं, पुसलं, आणि सगळ्या वर्गासमोर नीट लिहिलं.